अराबा आंटीचे खिळे

—तर भांडण फळ्यावरून पेटलं नाही, पेटलं ते खिळ्यांवरून. फळा काढला याचं दुःख अराबा आंटीनं एक वेळ गिळलं असतं. लाकूड जुनं झालं होतं, एक कोपरा वाळवीनं खाल्ला होता, ते काय तिला दिसत नव्हतं? पण खिळे? मासेमारीच्या होडीला मारतात तसले ते जाडजूड खिळे तिच्या भावानं माहेराहून, समुद्रकाठच्या अपाम गावाहून आणून दिले होते. हातोडी मिळेना म्हणून तिनं ते लोखंडाच्या तुकड्यानं, स्वतःच्या हातानं भिंतीत ठोकले होते. आणि त्याच खिळ्यांवर, त्याच उंचीवर, ती काळी चकचकीत स्क्रीन टांगलेली!

"जागा घेतलीस ती घेतलीस," ती भिंतीकडं बघून म्हणाली, "निदान खिळे तरी स्वतःचे आणायचेस!"

धुलाईवरचा पापा एबो मागंच उभा होता. तोंडात उरले होते तेवढे दात दाखवत तो म्हणाला, "अराबा, सवत अशीच येते. येताना हात हलवत येते आणि पहिलीच्या पलंगावर झोपते."

झालं! त्या दिवसापासून टेमा बंदरातल्या त्या कापडगिरणीत स्क्रीनला कुणी स्क्रीन म्हणेना. लहानथोर सगळे म्हणायचे, आंटीची सवत.

अराबा एशुन त्या गिरणीत छपाई खात्याची मुकादम. काम म्हटलं तर सोपं. कोरं कापड आत यायचं, त्यावर गरम राळेची नक्षी उठायची, मग ते निळीच्या टाकीत बुडायचं. राळ असेल तिथं नीळ चढत नाही. मग धुलाईत राळ उकळून काढायची, कापड वाळवायचं, की पांढरी नक्षी उमलून येते. राळेला मधेमधे तडे जातात आणि त्यांतून नीळ झिरपून बारीक शिरा उठतात. बाजारातल्या कापडवाल्या बाया भाळतात त्या या शिरांवरच. आता एवढ्या मोठ्या खात्यात कुठला ताका कुठं पोचला, कुठलं यंत्र मोकळं, पुढं काय लावायचं, हे सगळं अराबा फळ्यावर खडूनं लिहायची. लिहिण्याआधी एक फेरी मारायची. कापड बोटांत धरून बघायची, माणसाचा चेहरा बघायची, "काल बायकोनं जेवायला घातलं का नाही?" असं विचारायची, आणि मग लिहायची. काम संपलं की यंत्रावरनं हाक यायची, "आंटी, आता काय?"

त्या हाकेवर बाई जगत होती. कोणाला मानपानाची भूक असते, कोणाला पैशाची. हिला त्या तीन शब्दांची होती. आणि आता माणसं हाक मारायची सोडून मान वर करून स्क्रीनकडं बघायला लागली. बोलायचीसुद्धा नाहीत. नुसतं बघायचं आणि कामाला लागायचं.

मत्सर हा काही तिला नवा नव्हता. तिचा नवरा ट्रोट्रो, म्हणजे भाड्याची छोटी बस, चालवायचा, तेव्हाची गोष्ट. कानेशीच्या थांब्यावर संत्री विकणारी एक बाई त्याला रोज सोललेलं संत्रं फुकट द्यायला लागली, असं अराबाच्या कानावर आलं. हिनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे चांगलं नवं कापड नेसली आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली. दिवसभर बसली. पुढच्या दिवशी परत बसली. नवरा म्हणाला, "अगं, एका उतारूचे पैसे बुडतात!" ही म्हणाली, "बुडू देत, मला हवा बरी लागते." संत्रीवालीनं आपणहून थांबा बदलला. पण नवऱ्याच्या शेजारची सीट अडवता येते. या सवतीच्या शेजारी कुठं बसायचं?

शेजारी बसली होती ती एन्योनाम. हो गावाकडची, इव्हे जमातीची मुलगी, संगणक शिकलेली, काचेच्या खोलीत गारेगार हवेत बसणारी. तीच ती स्क्रीन चालवायची. मुलगी वाईट नव्हती. सकाळी काचेतून हात हलवायची, "गुड मॉर्निंग आंटी" म्हणायची. एकदा घरून केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, आणि तळलेली मासळी आणली, तेव्हा निम्मी आंटीसाठी पाठवून दिली. अराबानं ती सगळी पापा एबोला खाऊ घातली आणि तो जेवत असताना समोर बसून राहिली.

"काही होतंय का रे तुला?" तिनं विचारलं.

"होतंय ना," पापा एबो बोटं चाटत म्हणाला, "आणखी खावंसं वाटतंय."

तिला डाचायच्या गोष्टी तरी किती! स्क्रीन लावली त्या दिवशी पास्टर बोलावला होता. त्यानं डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली, स्क्रीनच्या चौकटीला तेलाचं बोट लावलं. 'माझा फळा एवढी वर्षं घाम गाळत होता, त्याच्यासाठी कोणी आमेन म्हटलं?' स्क्रीनला रोज मऊ फडक्यानं पुसायचे. 'माझा फळा मी माझ्या कापडाच्या पदरानं पुसला.' स्क्रीनला ऊन लागतं म्हणून खिडकीला पडदा शिवला. 'मला ऊन लागत नव्हतं वाटतं!' मनातल्या मनात असा हिशेब मांडत बसायची आणि घरी जाऊन नवऱ्यावर भांडी आपटायची.

सुरुवातीला स्क्रीन नुसती दाखवायची, एवढं मात्र खरं. प्रत्येक यंत्राला एक बटण बसवलं होतं. काम उरकलं की 'झालं' दाबायचं, मग वर हिरवा दिवा. म्हणजे खात्यात जे घडेल ते तिच्यात दिसणार. तेवढं अराबानं कसंबसं सोसलं. पण डिसेंबर सरता सरता आक्राहून मोठ्या कचेरीतली माणसं आली आणि गिरणीचे मॅनेजर मिस्टर लॅम्प्टे यांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "आत्तापर्यंत ही बघत होती. आता ही चालवणार. तिनं हिरवा दिला तर यंत्र सुरू होईल, नाहीतर कुलूप. आंटी, तुमची दगदग वाचली!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अराबानंही वाजवल्या, पण दोन्ही तळवे एकमेकांना लागले की नाही, देव जाणे.

आता गंमत बघा. स्क्रीनला कोणीतरी शिकवून ठेवलं होतं की निळीतून निघालेलं कापड अर्धी पाळीभर पडू द्यायचं, मगच धुवायचं. पावसाळ्यात ते बरोबरच. पण हा हरमाटान! उत्तरेकडून कोरडं धुळकट वारं सुटलेलं, ओठ फुटताहेत, टाचा फुटताहेत. कापड बघता बघता सुकतं. तसंच पडू दिलं तर राळ तडतडून फुटते आणि शिरांचं जाळं होऊन नक्षीच दिसेनाशी होते. माणसं म्हणायला लागली, आता धुवायलाच पाहिजे. स्क्रीन म्हणे, थांबा. यंत्राला कुलूप.

पापा एबो आला. "अराबा, तुझी सवत ऐकत नाही."

इथंच अराबाच्या पोटातली आग डोक्यात गेली. मिस्टर लॅम्प्ट्यांना सांगून नियम बदलून घेता आला असता. एन्योनामला सांगितलं असतं तरी झालं असतं. पण त्या काचेच्या दाराला हात लावायचा? तिच्याकडं काही मागायचं? छट्, ट्वेआ! तिनं माणसांना जवळ बोलावलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "दोन बायकांचा नवरा धाकटीला काय सांगतो? तिला जे ऐकायचं असतं ते. तसंच करा. कापड टाकीत गेलं न गेलं तोच 'नीळ झाली' दाबून टाका. तिची घटका आधीच भरते. मग आपण आपल्या वेळेला धुऊ."

माणसं खूश. सुरुवातीला एकच बटण वेळेआधी दाबायची, मग दोन, मग सकाळी आल्या आल्या दिवसभराची सगळी 'झालं' दाबून टाकायची आणि निवांत आपल्या पद्धतीनं काम करायचं. स्क्रीन हिरवीगार, जणू पावसानंतरचं कुरण. अराबा येता-जाता तिच्याकडं बघून ओठ मुडपून हसायची. फसलीस ना, भवाने!

आणि महिनाअखेरीस काय झालं असेल? मिस्टर लॅम्प्ट्यांनी माल्टच्या गोड पेयाच्या बाटल्यांची खोकी आणली. सगळ्यांसमोर एन्योनामला उभं केलं. "गिरणी सुरू झाल्यापासून एवढा हिरवा महिना बघितला नाही! एक काम मागं नाही, एक यंत्र अडलं नाही. शाब्बास, एन्योनाम!"

टाळ्या! अराबाच्या हातात माल्टची बाटली होती. तिनं ती न उघडताच पापा एबोला दिली.

"घे. माझ्या घशाखाली उतरायची नाही."

"तू तिला विष घालायला गेलीस," तो झाकण उडवत म्हणाला, "आणि ती अंगानं भरली की गं!"

अशी ती जळत असतानाच अपामहून निरोप आला, माम बेन्यिवा गेल्या. माम बेन्यिवा म्हणजे अराबाच्या आईची थोरली बहीण, आणि आईची बहीण म्हणजे आईच. नव्वदी कधीच ओलांडलेली, नातवंडा-पतवंडांचं गाव मागं ठेवून गेलेली बाई. अशा माणसाच्या शेवटच्या समारंभाला काळं-लाल नेसत नाहीत. पांढऱ्यावर निळं नेसायचं, सगळ्या कुळानं एकच कापड, आणि गाऊन-नाचून पोचवायचं. बैठकीत कुळाचे वडील एग्या क्वान्सा यांनी विचारलं, "कापडाचं काय?" कोणी म्हणालं माकोलाच्या बाजारातून घेऊ. अराबा ताडकन उभी राहिली. "बाजारातून? मी जिवंत असताना? माझ्या आईचं कापड माझ्या गिरणीतून निघेल, माझ्या नजरेखालून." बैठकीत सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. कितीतरी दिवसांनी कोणीतरी मान वर करून तिच्याकडं बघत होतं!

कापड यंत्राला लागलं. राळ उठली, नीळ चढली. मधेच तिला बैठकीसाठी पुन्हा अपामला जावं लागलं. गुरुवारी संध्याकाळी परतली ती थेट थांब्यावरून गिरणीच्या दारात. पाय सुजलेले, अंगावर अजून सुतकाच्या बैठकीचं काळं कापड. आणि त्या गिरणीत एक रिवाज होता. मयताच्या घरचं कापड अंगावर असताना निळीच्या टाक्यांच्या बाजूला फिरकायचं नाही, नीळ रुसते, रंग धरत नाही. हा रिवाज इतरांना शिकवायची ती अराबाच. एकदा एका रंगाऱ्याला तिनं याच कारणावरून दारातून परत घालवलं होतं. म्हणजे आता फेरी मारता येईना, कापड बोटांत धरता येईना. पापा एबोची पाळी संपून तो घरी गेलेला. काचेच्या खोलीत एन्योनाम होती, हाक मारली असती तर उठून बघून आली असती. पण तिला हाक मारायची?

तेवढ्यात फोन वाजला. एग्या क्वान्सा. "अराबा, शिंपी खोळंबलेत. पुढच्या शनिवारी समारंभ. उद्या गाडी पाठवू का?"

दारातून स्क्रीन दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदा अराबानं कामापुरतं तिच्याकडं बघितलं. माम बेन्यिवांचं कापड: राळ हिरवी, नीळ हिरवी, धुलाई हिरवी, वाळवण हिरवं.

"पाठवा एग्या," ती म्हणाली. "कापड तयार आहे."

शुक्रवारी सकाळी ती आंघोळ करून, निळं कापड नेसून आली तेव्हा गाडी आधीच येऊन उभी होती. एग्या क्वान्सा आवारातल्या कडुनिंबाखाली स्टुलावर बसलेले, आणि कुळातल्या बायांचा घोळका घडी केलेलं कापड डोक्यावर ठेवून न्यायला सज्ज. अराबा ऐटीत गोदामात गेली. कापड नाही. वाळवणाकडं गेली. नाही. शेवटी धुलाईच्या खांबामागं एक ढकलगाडी दिसली. तिच्यावर सगळे ताके राळेनं कडक, तपकिरी, न धुतलेले.

पापा एबो खाली मान घालून उभा. "काल वाफेची नळी फुटली गं. मला वाटलं पुढची पाळी धुईल. त्यांनी वर बघितलं, वर हिरवं. त्यांना वाटलं, धुऊन झालं. त्यांनी दुसरं लावलं."

"पण न धुता 'झालं' कुणी दाबलं?"

"काल सकाळी आल्या आल्या मीच. तूच तर शिकवलंस."

अराबानं ढकलगाडी धरून धुलाईयंत्राकडं वळवली. मग म्हणाली, "नळी जोडली ना? मग धू आत्ता!"

"धुतलं असतं. पण यंत्राला कुलूप आहे. ती म्हणते, हे काल धुऊन झालंय. त्याच दिवशी चालतं, पण दिवस उलटला की झालेलं काम पुन्हा करू देत नाही."

बाहेर बायांनी गाणं सुरू केलं होतं. आज कापड गेलं नाही तर शिंप्यांचा आठवडा बुडणार, आणि भर बैठकीत ताडकन उठलेली अराबा शब्द मोडून आईला पोचवणार. तिनं पदर खोचला आणि चालत जाऊन काचेचं दार ढकललं. आत इतकं गार होतं की तिला शिंक आली.

"पोरी, कुलूप काढ. माझ्या आईचं कापड अडकलंय. न धुता हिरवं झालंय, आणि ते सगळ्यांना मी शिकवलंय. जा, सांग मिस्टर लॅम्प्ट्यांना. तुला आणखी एक खोकं माल्ट मिळेल."

एन्योनामनं खुर्ची मागं सारली. मग म्हणाली, "मला माहीत होतं, आंटी."

"काय माहीत होतं?"

"हरमाटान कितीही कोरडा असला तरी कापड टाकीत पडायच्या आधी वाळत नाही. गेला महिनाभर माझ्याशी सगळे खोटं बोलताहेत, हे दिसत होतं मला."

"मग बोलली का नाहीस? बक्षीस घेत उभी राहिलीस ती?"

"कोणाला सांगू? मिस्टर लॅम्प्ट्यांना सांगितलं असतं तर तुमची जागा गेली असती. तुम्हाला सांगायला आले असते, तर तुम्ही माझी मासळीसुद्धा एबोंना खायला घातलीत." तिनं काचेपलीकडं बोट दाखवलं. "तुम्ही फेरीला निघालात की मी इथून बघते. माणसं यंत्र सोडून तुमच्याकडं येतात. कुणाच्या बायकोला काय झालं, कुणाचं लेकरू आजारी, सगळं तुम्हाला सांगतात. मला एक बटण सांगतं, आणि तेही खोटं. माझा जळफळाट होतो, आंटी. पहिल्या दिवसापासून."

आपला कोणी हेवा करत असेल, आणि तोही या गारेगार खोलीतून, हे अराबाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. खरं सांगायचं तर ऐकून तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

"मासळी चांगली होती म्हणे," ती म्हणाली. "काढ कुलूप."

एन्योनामनं कुलूप काढलं. एका यंत्राचं नव्हे, सगळ्यांचं. स्क्रीन पहिल्यासारखी नुसती बघणारी झाली. मग दोघी मिळून मिस्टर लॅम्प्ट्यांकडं गेल्या आणि अराबानं जे होतं ते सांगून टाकलं. ते कपाळाला हात लावून बसले. पण खाली आवारात शोकाचा घोळका गात असताना कोणाला काढून टाकायचं, एवढं धाडस त्या माणसात नव्हतं.

दुपारपर्यंत धुलाई उरकली. वाळवणयंत्रावर दुसऱ्यांचा माल होता. अराबानं वाऱ्याकडं बघितलं आणि गाणाऱ्या बायांना हाताशी बोलावलं. कुंपणावर, गाडीच्या टपावर, कडुनिंबाच्या फांद्यांवर, नाहीतर दोघीदोघींनी टोकं धरून, सगळ्या आवारात पांढरं-निळं कापड फडफडायला लागलं. हरमाटाननं ते गाण्याची दोन कडवी होईतो वाळवलं. एन्योनामही एका टोकाला उभी होती, केसांत धूळ भरलेली. थांबून राहिल्यानं राळेला तडे जास्त गेले होते, शिरा दाट उठल्या होत्या. एग्या क्वान्सांनी कापड डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, "हुबेहूब माम बेन्यिवांच्या हातांसारखं दिसतंय." अपामला पुढच्या शनिवारी सगळ्यांनी ते नेसलं, आणि नंतर माकोलाच्या बाया तसंच दाट शिरांचं मागायला लागल्या, तो भाग वेगळा.

समारंभाहून अराबा परतली त्या सोमवारी मिस्टर लॅम्प्ट्यांनी बैठक घेतली. आक्राहून पुन्हा माणसं आली होती. एन्योनाम एका बाजूला, पापा एबो दाराशी. भिंतीवर त्याच खिळ्यांवर स्क्रीन उजळलेली. मिस्टर लॅम्प्टे म्हणाले, "आंटी, कचेरीला निर्णय हवाय. या यंत्रानं खातं चालवायचं, की खात्यात चाललंय ते नुसतं दाखवायचं? काढूनच टाका म्हणालात तरी मी लिहून घेईन. बोला."

सगळ्या माना अराबाकडं वळल्या. तिनं पदर सारखा केला, स्क्रीनकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि म्हणाली:

"बॉस, मी तिची सवत, माझं तोंड तिच्याविषयी गोड व्हायचं नाही. पण ती घरात आलीच आहे तर राहू दे. तिला सगळं बघू द्या, सगळ्यांना दाखवू द्या, फक्त कुलपं तिच्या हातात देऊ नका. जिच्या भीतीनं माणूस खोटं बोलतो, तिला घरातलं काहीच दिसत नाही. हे मी तिला आंधळं करून बघितलंय, आणि ठेच मलाच लागली. सकाळच्या फेरीला एन्योनामला माझ्याबरोबर पाठवा, म्हणजे माणसं तिलाही खरं सांगतील. आणि माझा फळा परत आणा, माझ्याच खिळ्यांवर. तिच्यासाठी शेजारी नवे खिळे ठोका, पण चार बोटं खाली."